रबराच्या साच्यात वितळलेला धातू: प्युटरचे दागिने घरी कसे ओतले जातात

२०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं दहा ग्रॅमला एक लाखाच्या पार गेलं. त्याच वर्षी चांदीनंही उसळी घेतली आणि पांढऱ्या धातूच्या स्वस्त दागिन्यांकडे लोकांचं लक्ष आणखी वळलं. मोबाइलवर एक व्हिडिओ तर फिरून फिरून समोर येतो. कुणीतरी लहानशा पळीत चकचकीत धातू वितळवतं, विटकरी रंगाच्या रबरी साच्यात ओततं, पाच मिनिटांनी साचा उघडतं आणि आतून नक्षीदार पेंडंट बाहेर पडतं. खाली प्रश्नही ठरलेले असतात. ही चांदी आहे का? रबर जळलं कसं नाही? मला घरी जमेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही, ही चांदी नव्हे. दुसऱ्यात थोडं रसायनशास्त्र आहे. तिसऱ्याचं उत्तर ‘जमेल’ असंच आहे, पण ज्या गोष्टींवर ते अवलंबून आहे त्या व्हिडिओत दिसत नाहीत. धातू वितळवणं हा या कामातला सगळ्यात दिखाऊ आणि सगळ्यात सोपा भाग आहे. नग बिघडतो तो हवेमुळे, अपघात होतो तो ओलाव्यामुळे, आणि वर्षानुवर्षं त्रास देऊ शकतं ते शिसं.

## प्युटर म्हणजे मुख्यतः कथील

दोन किंवा अधिक धातू एकत्र वितळवून केलेल्या मिश्रणाला मिश्रधातू म्हणतात. पितळ हा तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. प्युटर हा कथलाचा. हल्लीच्या चांगल्या प्युटरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त कथील असतं, सहा-सात टक्के अँटिमनी आणि एक-दोन टक्के तांबं. नुसतं कथील इतकं मऊ असतं की त्याची पातळ पट्टी हातानं वाकते, आणि वाकताना बारीक करकर असा आवाज येतो. अँटिमनी आणि तांब्यामुळे ते कडक होतं आणि नक्षीच्या कडा टिकतात.

कथील आपल्याकडे नवं नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर भुरभुरून, कथलाची कांडी टेकवून, कापसाच्या बोळ्यानं जो चंदेरी थर फिरवतो तो कथलाचाच. पातेलं साध्या कोळशाच्या भट्टीवर तापतं आणि कथील टेकवताक्षणी पसरतं. हा धातू किती लवकर वितळतो हे तिथं डोळ्यांना दिसतं.

आकड्यांत सांगायचं तर कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. चांदीला ९६२ लागतात, सोन्याला १०६४, तांब्याला १०८५. प्युटर मिश्रणाप्रमाणे २४० च्या आसपास मऊ पडू लागतं आणि साधारण ३०० च्या आत पूर्ण पातळ होतं. भजी तळताना कढईतलं तेल १८० च्या घरात असतं. म्हणजे प्युटरला लागणारं तापमान स्वयंपाकघराच्या वरचं आहे, पण सोनाराच्या मुशीपासून फार दूर आहे.

इथंच बाजारातला एक गोंधळ मिटवून टाकू. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसते आणि ते प्युटरही नव्हे. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो वितळवायला हजार अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे रबरी साच्याचा तिथं संबंधच येत नाही. ‘व्हाइट मेटल’ हे नाव मात्र इतकं सैल आहे की त्याखाली कथील, जस्त, शिसं काहीही खपतं. दुकानदारानं ‘व्हाइट मेटल आहे’ म्हटलं तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही असं समजावं.

## रबर जळत का नाही?

कारण ते झाडाच्या चिकाचं रबर नाही. टायरच्या रबराचा कणा कार्बनच्या अणूंचा असतो. सिलिकॉन रबराचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक जोडणीचा असतो, आणि वाळू, गारगोटी यांतही हीच जोडणी असते. ती तोडायला कार्बन-कार्बन जोडणीपेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते. म्हणून साधं रबर जिथं चिकट होऊन धुरकटायला लागतं, तिथं सिलिकॉन शांत असतं. धातू ओतण्यासाठी खास बनवलेलं सिलिकॉन २९० अंशांच्या आसपासचा मारा पुन्हापुन्हा सोसतं.

दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं. तापमान आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. वीस ग्रॅम प्युटर, म्हणजे एका बऱ्यापैकी पेंडंटचा धातू, ३०० अंशांना असला तरी त्यात साठलेली उष्णता उकळत्या पाण्याच्या जेमतेम दोन चमच्यांइतकी असते. धातू तापतोही झटकन आणि निवतोही झटकन. साच्याला हा चटका थोडा वेळच सोसावा लागतो.

यावरून हात लावायचं धाडस मात्र कुणी करू नये. उष्णता थोडी असली तरी ती ३०० अंशांवरून थेट कातडीत उतरते.

सिलिकॉनची ताकद नुसती उष्णता सोसण्यात नाही, वाकण्यात आहे. प्युटर ओतण्याचे जुने साचे दगडाचे किंवा काशाचे असत. मध्ययुगीन युरोपातले यात्रेकरू कँटरबरीसारख्या तीर्थांहून कथील-शिशाचे छोटे बिल्ले टोपीला लावून आणायचे, ते दगडात कोरलेल्या साच्यांत ओतलेले असत. दगडाचा साचा वाकत नाही. त्यामुळे नक्षीचा भाग खालून आत वळलेला असेल तर नग साच्यात अडकतो. ते बिल्ले बहुधा चपटे असतात त्याचं हे एक कारण. सिलिकॉन मात्र सोलून काढता येतं. पानाची मुरड, फुलाच्या पाकळीखालची पोकळी, सगळं सुटून येतं.

कोकणात किनाऱ्यावर समुद्रफेन सापडतं, म्हणजे माकूळवर्गातल्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं हलकं कवच. त्यात नखानंही आकार कोरता येतो, आणि सोनार लहान नगांसाठी ते साचा म्हणून वापरत आले आहेत. प्युटरलाही ते चालतं. एकदाच वापरता येतं आणि जळक्या केसांसारखा वास सुटतो एवढंच.

## साचा करताना

आधी मूळ नमुना लागतो: मेणाचा, मातीचा, लाकडाचा किंवा एखादं जुनं बटण. सिलिकॉन इतकं बारीक ठसा घेतं की नमुन्यावर तुमच्या बोटाचा ठसा राहिला असेल तर तो प्रत्येक नगावर उमटेल. चकचकीत नमुन्यातून चकचकीत नग येतो, खरखरीत नमुन्यातून खरखरीत. धातूवर कानस घासत बसण्यापेक्षा नमुन्यावर एक संध्याकाळ जास्त घालवलेली परवडते.

सिलिकॉन दोन भागांत मिळतं. ते मिसळल्यावर काही तासांत घट्ट होतं. घट्ट होण्याची क्रिया काही प्रकारांत कथलाच्या संयुगानं होते, काहींत प्लॅटिनमच्या. प्लॅटिनमवालं सिलिकॉन मोठं नाजूक प्रकृतीचं. नमुन्याच्या मातीत गंधक असेल, किंवा नमुना थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचा असेल, तर नमुन्याला लागून असलेला थर घट्टच होत नाही, चिकट राहतो. धातू ओतण्यासाठी मिळणारं विटकरी रंगाचं सिलिकॉन बहुतेक वेळा कथीलवाल्या प्रकारचं असतं. नवशिक्यानं तेच घ्यावं. डब्यावर किती तापमान सोसतं ते छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं.

दोन भागांचा साचा असा होतो. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान पेटीत माती पसरायची, नमुना त्यात अर्धा रुतवायचा, मातीत कडेला बोटानं तीन-चार खळगे करायचे आणि वरून सिलिकॉन ओतायचं. ओतताना बारीक धार धरायची, पेटीच्या एका कोपऱ्यात, थोड्या उंचीवरून. धार लांबली की आतले बुडबुडे वाटेतच फुटतात. सिलिकॉन घट्ट झाल्यावर पेटी उलटी करायची, माती काढायची, उघड्या पडलेल्या सिलिकॉनवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा आणि दुसरा अर्धा भाग ओतायचा. व्हॅसलीन विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटतं की मग ठोकळा ब्लेडनंच कापावा लागतो. खळग्यांमुळे दोन्ही भाग पुढं प्रत्येक वेळी नेमके एकमेकांत बसतात.

कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूला रस म्हणतात, आपणही तेच म्हणू. रस आत जाण्याचा मार्ग म्हणजे रनर, आणि हवा बाहेर पडण्याची बारीक वाट म्हणजे व्हेंट. दोन्ही नंतर धारदार ब्लेडनं सिलिकॉनमध्ये कापता येतात. व्हेंट सुरीच्या टोकाएवढीच हवी, मोठी केली तर रस तिथूनच पळतो.

## नग अर्धवट का येतो?

पहिल्यांदा ओतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा नग अपुरा येतो. टोकं गोलसर, पाकळी गायब, पाठीवर खळगा. मग तो धातू आणखी तापवतो. बहुतेक वेळा दोष तिथं नसतो.

चिंचोळ्या तोंडाची बाटली नळाखाली धरली की पाणी बुडबुड करत अडखळत आत जातं, कारण त्याच तोंडातून हवा बाहेर येऊ पाहत असते. साच्यात हेच होतं. फरक इतकाच की पाणी वाट बघतं, रस बघत नाही. हवेनं क्षणभर अडवलं तरी तो तिथंच गोठतो. म्हणून नक्षीच्या प्रत्येक लांब टोकाला, विशेषतः ओतताना वर राहणाऱ्या टोकाला, व्हेंट हवी.

दुसरा उपाय स्वस्त आहे: शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्कम. मऊ ब्रशनं साच्याच्या आत लावायची आणि साचा उलटा करून झटकायची. जो थर उरतो तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण त्या कणांच्या फटींतून हवा निसटते आणि रस बारीक रेषांत शिरतो. पूड जास्त झाली तर नग खडबडीत येतो.

तिसरं कारण साच्याची थंडी. गार साच्यात पातळ भाग भरण्याआधीच गोठतात. साचा दोन-तीनदा ओतून तापला की पुढचे नग आपोआप सुधारतात. त्यामुळे पहिला नग बिघडला म्हणून साचा बदलायच्या फंदात पडू नये. बिघडलेला नग पळीत टाकून पुन्हा वितळवता येतो, आणि या छंदाची हीच मोठी मजा आहे.

पाठीवरचा खळगा वेगळ्या कारणानं पडतो. रस गोठताना आकसतो आणि आकसताना कुठून तरी आणखी धातू ओढून घेतो. रनर चांगला जाड असेल तर तो सगळ्यात शेवटी गोठतो, तोवर नगाला धातू पुरवत राहतो आणि खड्डा रनरच्या तोंडाशी पडतो. तिथं तो पडलेला दिसला की समजावं, काम नीट झालं. हा भाग पुढं कापूनच टाकायचा असतो. म्हणून धातू नगाच्या वजनापेक्षा बराच जास्त वितळवायचा.

## किती तापवायचं आणि कसं ओळखायचं?

वितळायला स्टीलची किंवा बिडाची जाड पळी घ्यावी आणि ती पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरू नये. विजेची हॉटप्लेट गॅसपेक्षा बरी, कारण आच स्थिर राहते.

तापमान मोजायला बरेच जण लेझरच्या ठिपक्याचं पिस्तूल आणतात आणि फसतात. ते यंत्र वस्तूतून निघणारे अवरक्त किरण मोजतं. चकचकीत धातू हे किरण फार कमी सोडतो, त्यामुळे रस ३०० अंशांना असताना यंत्र त्याहून बराच कमी आकडा दाखवतं. माणूस आच वाढवतो आणि साचा करपतो. रसात बुडवायचा के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी धातूच्या तारांची कांडी, हा खरा उपाय. तो नसेल तर जुनी युक्ती: कोरडी लाकडी काडी रसात क्षणभर बुडवायची. ती हळूहळू तपकिरी झाली तर ठीक. लगेच काळी पडून धूर सोडू लागली तर आच जास्त आहे. काहीच झालं नाही तर थांबा.

रसावर राखाडी पापुद्रा धरतो, ती ऑक्साइडची मळी. ओतायच्या आधी चमच्यानं बाजूला सारायची, ढवळून आत मिसळायची नाही. मग न थांबता एका धारेत ओतायचं. सिलिकॉन उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे वरून गोठलेला दिसणारा नग आत अजून कच्चा असतो. घाईनं उघडला तर हातात तुकडे येतात.

## पाण्याचा एक थेंब

घाबरायचंच असेल तर ज्वाळेला नको, पाण्याला घाबरा. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागतं. साच्याच्या तळाशी थेंब असेल आणि त्यावर रस पडला तर वाफेला निघायला रसातूनच वाट काढावी लागते, आणि रस वर उडतो. चेहऱ्याच्या दिशेनं, कारण तुम्ही वाकून बघत असता.

म्हणून नवा साचा पहिल्या वापराआधी मंद आचेच्या ओव्हनमध्ये काही तास शेकून घेतात. कथीलवालं सिलिकॉन घट्ट होताना त्यातून अल्कोहोल सुटतं, तेही यात निघून जातं. रसात टाकायचा धातूचा तुकडा कोरडा हवा, चमचा कोरडा हवा. आपल्याकडे पावसाळ्यात हा मुद्दा नुसता कागदावरचा राहत नाही, उघड्यावर ठेवलेल्या गार धातूवरही दमट हवेत ओलावा धरतो. सिंकजवळ तर हे काम करूच नये.

अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात चपलेऐवजी बूट, डोळ्यांवर गॉगल. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची ओढणी नको, ते वितळून कातडीला चिकटतं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही.

## ‘सोल्डर वायर वितळवली तर?’

नको. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी साधी सोल्डर वायर साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असते. ती सुंदर वितळते, तीही १९० अंशांच्या आत. म्हणूनच मोह होतो. तसाच मोह जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, आणि मासेमारीच्या जाळ्याच्या वजनांचा. खिळ्यांत सर्वाधिक शिसंच असतं, थोडं अँटिमनी आणि कथील. जाळ्याची वजनं तर बहुधा शिशाचीच.

शिसं शरीरात साठतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि रक्तातलं शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस इथं चार वर्षांच्या एका मुलानं ब्रेसलेटचं पदक गिळलं आणि तो शिशाच्या विषबाधेनं दगावला. त्या पदकात ९९ टक्के शिसं निघालं. युरोपीय महासंघात दागिन्यात वजनाच्या ०.०५ टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही.

ओळखायचं कसं? शिसं जास्त असलेला धातू पांढऱ्या कागदावर घासला तर करडी रेघ उमटते. पण रेघ उमटली नाही म्हणून शिसं नाही असं होत नाही. किंमत जास्त बोलकी आहे. कथील किलोला काही हजार रुपये पडतं, शिसं त्याच्या दहापटीहून स्वस्त. कुणी तुम्हाला ‘प्युटर’ कथलापेक्षा निम्म्या भावात देत असेल तर उरलेलं काय आहे ते कळलंच. कल्हईसाठी मिळणारं कथीलही शुद्ध असेलच असं नाही. प्रमाणपत्रासह शिसेविरहित मिश्रधातू घ्या, किंवा शुद्ध कथलानं सुरुवात करा.

## ‘केकचा सिलिकॉनचा साचा वापरला तर?’

स्वयंपाकघरातलं सिलिकॉन साधारण २३० अंशांपर्यंतचं असतं. शुद्ध कथलाचे एक-दोन नग त्यातून निघतीलही, पण मग ते तडकायला लागतं. आणि धातू ओतलेल्या साच्यात पुन्हा केक करायचा नाही, हे सांगायला नकोच.

## ‘धूर विषारी नाही का?’

कथील उकळायला २६०० अंश लागतात, त्यामुळे ३०० ला त्याची वाफ जवळपास होत नाही. दिसणारा धूर काडीचा, मळाचा किंवा करपणाऱ्या सिलिकॉनचा असतो. तरी खिडकी उघडी हवी, कारण धातू विनाकारण जास्त तापवला तर अँटिमनीची वाफ आणि ऑक्साइड श्वासात जाऊ नये. शिशाच्या बाबतीत खरी काळजी वाफेपेक्षा मळीच्या धुळीची आणि हाताला लागून तोंडात जाणाऱ्या कणांची असते.

## ‘ऑक्सिडाइज्ड’ काळपट झळाळी कशी येते?

चांदी गंधकाच्या संयुगात बुडवली की काळी पडते. प्युटर त्याला फारसं दाद देत नाही. त्यामुळे घरी काम करणारे बहुतेक जण सरळ काळा अॅक्रिलिक रंग फासतात आणि वाळायच्या आत वरचा पुसून घेतात. खाचेत काळं राहतं, उंचवटे चमकतात. फसवणूक वगैरे काही नाही यात. पण धातूच काळवंडलाय असं सांगून ते विकू नये.

घासायची कानस मात्र वेगळी ठेवा. ती चांदीच्या कामाला वापरली तर कथलाचे कण चांदीवर बसतात, आणि ती चांदी पुढं झाळायला, म्हणजे धातूचा जोड द्यायला, तापवली की जिथं कण तिथं खड्डा पडतो. सोनार आपल्या बाकावर प्युटर का येऊ देत नाही याचं कारण हे आहे.

## ‘रोज घालता येईल? विकता येईल?’

चांगलं प्युटर चांदीसारखं पटकन काळं पडत नाही. त्यात सहसा निकेल नसतं, आणि खोट्या दागिन्यांनी येणारी खाज बऱ्याचदा निकेलमुळे असते. पण प्युटर मऊ आहे. त्याची बारीक अंगठी दाबली जाते आणि कानातल्याचा हूक वाकतो, म्हणून हूक आणि कड्या स्टीलच्या किंवा चांदीच्या घ्याव्यात आणि झाळायच्या भानगडीत न पडता कडीनं अडकवाव्यात.

विकायचं असेल तर हिशेब असा: पंधरा-वीस ग्रॅमच्या पेंडंटमध्ये धातू शंभर रुपयांच्या आसपासचाच जातो. पैसे खातो तो साचा आणि तुमचा वेळ. म्हणजे एकाच साच्यातून पन्नास नग निघाले तरच गणित जमतं, आणि तेवढे नग निघण्यासाठी रस गरजेपेक्षा वीस अंशही जास्त तापवून चालत नाही. साचा आधी बारीक टोकांशी करपतो, मग नक्षी पुसट होते. दुसऱ्याच्या दुकानातलं डिझाइन आणून त्यावरून साचा काढायला दहा मिनिटं लागतात, आणि नेमकं म्हणूनच ते टाळावं. आजीच्या पेटीतल्या जुन्या नगावरून काढायला हरकत नाही, फक्त त्यात मोती किंवा चिकटवलेले खडे नाहीत ना ते पाहून घ्या, कारण साचा सोलताना तेच आधी निघून येतात.